दोउहुआचा हात

कोऊ सूफेन टेकडीवरच्या प्राणिसंग्रहालयात लागली ती बांबू वाहायला. श्वांगशी गावामागच्या डोंगरात तिच्या माहेरच्यांचं बांबूचं रान होतं. कोयता तिच्या लहानपणापासूनच्या सवयीचा, आणि टेकडीवरच्या पांड्यांना रोज ताजा बांबू लागायचा. सकाळी ट्रक आला की मोळ्या उतरवायच्या, पाणी मारायचं, किडकी पानं खुडायची आणि गजांपर्यंत नेऊन टाकायच्या, एवढंच तिचं काम. गजांच्या आत काय चालतं ते बघायचं काम दुसऱ्यांचं. लग्न झालेलं होतं. नवरा, श्ये होंगगुई, गावच्या बसवर चालक होता, स्वभावानं गरीब, सुट्टी मिळाली की चहाच्या दुकानात माजोंगचा डाव मांडून बसणारा. मुलगी रुओलिन चार वर्षांची होती.

त्या पावसाळ्यात चिऊयुए नावाची मादी व्यायली. तिचं पहिलंच बाळंतपण. पिल्लू बाहेर आलं, तिनं ते एकदा चाटलं आणि थंड फरशीवर टाकून कोपऱ्यात जाऊन पाठ करून बसली. तिची देखभाल करणारा माणूस पाय मोडून घरी पडलेला. जनावरांचे डॉक्टर पू धावत आले आणि त्यांनी आत शिरून पिल्लू उचललं. उभं कोण आहे म्हणून मागे बघितलं तर बांबूची मोळी घेतलेली सूफेन. डॉक्टरांनी तिला हात धुवून यायला सांगितलं, अंगावर पांढरा डगला चढवायला लावला आणि पिल्लू तिच्या तळव्यावर ठेवलं. गुलाबी, डोळे मिटलेलं, उंदराएवढं. एवढ्याशा जिवाचा आवाज मात्र खणखणीत होता.

चार दिवसांसाठी म्हणून आत घेतलेली सूफेन मग बाहेर आलीच नाही. पिल्लाला दूध पाजायचं, ओल्या कापसानं पोट चोळून शू करायला लावायची, छातीशी धरून ऊब द्यायची. आई जे करते ते सगळं. रुओलिन आजीकडे राहिली. होंगगुई रोज सकाळी बायकोसाठी डबा आणायचा, त्यात बहुतेक वेळा दोउहुआ असायचं, मऊ लुसलुशीत सोयाबीनचं दही, वर तिखटजाळ मिरचीचं तेल. पिल्लाला पांढरी लव फुटली तेव्हा पू डॉक्टर डब्याकडे बघत म्हणाले, की हे अगदी तसंच दिसतंय. तेच नाव पडलं.

एका रविवारी आजी रुओलिनला घेऊन आली. मुलीनं काचेला नाक लावून आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि विचारलं, "ती पण तुला आई म्हणते का?"

सूफेन हसली. तिला तेव्हा त्यात हसण्यासारखंच वाटलं.

दोउहुआ मोठी झाली, धष्टपुष्ट झाली आणि सूफेनच्या मागे मागे फिरू लागली. दिसली की पायाला मिठी मारायची, झाडूचा दांडा पळवायची, मक्याच्या पिठाचे वाफवलेले गोळे तिच्याच हातून घ्यायची. ती तीन वर्षांची असताना तिला ताप आला. रक्त तपासायचं तर त्या काळी एकच मार्ग होता. बंदुकीतून गुंगीची सुई मारायची आणि जनावर आडवं पाडायचं. दोउहुआला सुई बसली, ती गरागरा फिरली, भिंतीवर आपटली आणि पडली. गुंगी उतरायला हवी होती तितकी लवकर उतरली नाही. दुसऱ्या दिवशीसुद्धा तिच्या मागच्या पायात जोर नव्हता. सूफेन तिच्या डोक्याशी बसून होती. डॉक्टर उभ्या उभ्या म्हणाले, "पुन्हा हे नको. दुसरीकडे जनावराला हात पुढे करायला शिकवतात म्हणे. वेळ लागतो. तुम्ही कराल?"

सूफेननं ते केलं, आणि तिच्या आयुष्यातलं ते सर्वांत चांगलं काम होतं असं तिला पुढे कितीतरी वर्षं वाटत होतं. गजांत एक खिडकी ठेवली, खाली लोखंडी पट्टी. ती बसून म्हणायची, "हात." दोउहुआचा पंजा चुकून जरी पट्टीवर आला तरी सफरचंदाची फोड. मग पंजा उताणा ठेवला तरच फोड. मग तिनं बोटानं मनगट दाबायचं, मग कापूस लावायचा, मग बोथट काडी टोचायची, आणि सगळ्यात शेवटी सुई. हिवाळा गेला, वसंत सरत आला. एक दिवस डॉक्टरांनी नळी भरून रक्त काढलं आणि दोउहुआ त्या वेळात दुसऱ्या पंजानं सफरचंद खात होती. डॉक्टरांचा चष्मा ओला झाला होता. बंदूक कपाटात गेली.

सगळं इथेच थांबलं असतं तर सांगायला फारसं काही उरलं नसतं.

रुओलिन तिसरीत असताना तिच्या शाळेची सहल टेकडीवर आली. सूफेनला आदल्या दिवशीच कळलं होतं, म्हणून तिनं डोकं धुतलं होतं, स्वच्छ सदरा घातला होता. पण बांबूचा आणि शेणाचा वास अंगात मुरलेला असतो, तो असा जात नाही. मुलं रांगेनं आली. रुओलिननं आईला पाहिलं आणि नजर वळवली. शेजारच्या मुलीनं नाकाला रुमाल लावून काहीतरी पुटपुटलं, आणि रुओलिन त्यावर हसली.

सूफेनला राग आला नाही. काहीतरी करावं, असं मात्र तिला फार वाटलं. ती मुलांमध्ये जाऊन कठड्याशी उभी राहिली. खंदकापलीकडे हिरवळीवर दोउहुआ पाठ टेकून बांबू सोलत होती. सूफेननं आवाज दिला, "दोउहुआ, हात."

दोउहुआनं बांबू टाकला, सरळ बसली आणि उजवा हात वर केला.

मुलांनी आरडाओरडा करून टेकडी डोक्यावर घेतली. पांडा आपल्याला हात करतोय! बाईंनीसुद्धा हात हलवला. नाकाला रुमाल लावलेली मुलगी रुओलिनला विचारत होती, ही खरंच तुझी आई का? रुओलिन हो म्हणाली, मोठ्यानं म्हणाली. सूफेन त्या दिवशी घरी चालत गेली नाही, तरंगत गेली. दोउहुआला सफरचंद द्यायचं राहून गेलं हे तिला जेवताना आठवलं. उद्या देऊ, असं म्हणून तिनं वाटी पुढे केली.

सहल चालू असताना संचालक त्सेंग मागून बघत होते. माणूस वाईट नव्हता. प्राणिसंग्रहालयाची रया गेलेली, पिंजरे गंजलेले, आणि लोक मोठ्या शहरांतल्या बागांकडे वळलेले. त्यांनी सूफेनला दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा तेवढं करून दाखवायला सांगितलं. तिनं आनंदानं केलं. महिन्याभरात लोकांना तिची गरज उरली नाही. ते स्वतःच ओरडू लागले, "दोउहुआ, हात!" आणि दोउहुआ हात वर करायची. वर्तमानपत्रात फोटो आला. छोंगछिंगहून बसगाड्या भरून लोक येऊ लागले. बसस्थानकाच्या भिंतीवर तिचं चित्र रंगवलं गेलं, गावातल्या मिठाईवाल्यानं तिच्या आकाराच्या तिळाच्या वड्या काढल्या. आजारी पोरांना लोक तिच्यासमोर आणत, लग्न ठरलेली जोडपी तिच्यासमोर फोटो काढत. सारा प्रांत तिच्यावर जीव टाकत होता. सूफेन मुख्य देखभालकर्ती झाली. वर्षअखेरीच्या समारंभात तिच्या छातीवर मानाचं मोठं लाल फूल लावलं, आणि ते होंगगुईनं आरशाला अडकवून ठेवलं.

हे बरोबर नाही असं तिला पहिल्यांदा कधी वाटलं, ते तिला नेमकं सांगता येत नव्हतं. दोउहुआला दोन पिल्लं झाली, ती मोठी होऊन दुसरीकडे गेली, रुओलिन शिकायला छंगदूला गेली. त्या काळात कधीतरी. ती कठड्यापाशी, लोकांच्या बाजूनं उभी होती आणि सहज तिचं लक्ष दोउहुआच्या हाताकडे गेलं. माणूस कुणाला हात करतो तेव्हा तळवा समोर असतो. दोउहुआचा तळवा आकाशाकडे होता, मनगट आतल्या बाजूनं उलटं केलेलं, आणि तिथे परवाच्या तपासणीसाठी लव भादरलेली जागा दिसत होती. ती कुणाला हात करत नव्हती. सुई टोचून घ्यायला हात पुढे केला होता तिनं. हे शेकडो लोक आपलं रक्त मागताहेत, दिलं की सफरचंद मिळेल, इतकंच तिला कळत होतं. ती लोकांकडे बघतही नव्हती. बाजूच्या दाराकडे बघत होती, जिथून सफरचंद यायचं.

दरवेळी तिला सफरचंद द्यायचं सूफेननं करून पाहिलं. दिवसभर किती देणार? पोट बिघडलं. मग मधूनमधून द्यायला लागली, तर दोउहुआ आणखीच नेटानं हात वर धरून बसू लागली. राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीत सकाळी फाटक उघडल्यापासून ते बंद होईपर्यंत तिचा हात वर.

एकदा मुसळधार पाऊस होता, बाग रिकामी. सूफेन छत्री घेऊन कठड्याच्या कडेनं चालली होती. नवऱ्याचा फोन आला, ती त्याला सांगत होती, हातातलं काम आटपलं की निघते. बोलता बोलता वळून बघितलं तर खंदकापलीकडे भिजत बसलेल्या दोउहुआनं हात वर केला होता. ती फोन कानाला लावून तशीच उभी राहिली. पलीकडून होंगगुई हॅलो हॅलो करत होता.

त्या दिवसापासून, तपासणीची खिडकी सोडली तर, तिनं टेकडीवर तो शब्द उच्चारला नाही. तो बोलण्यात किती ठिकाणी येतो ते तिला तोवर ठाऊक नव्हतं. बरोबरीचे लोक म्हणायचे, कोऊताई, जरा हात लावा हो, आणि ती दचकून आधी दोउहुआकडे बघायची.

मग दोउहुआचं उजवं कोपर सुजलं. पू डॉक्टरांनी क्ष-किरण काढले आणि सांगितलं की सांधा झिजलाय, वयही झालंय, पण डावा इतका झिजलेला नाही. त्यांनी आणखी काही म्हणायची गरज नव्हती. ती दोघं मिळून त्सेंग साहेबांकडे गेली. साहेबांनी झाकणाचे पेले मागवून दोघांना चहा दिला, सगळं नीट ऐकून घेतलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कोऊताई, वाघासाठी मांस कुठून येतं, माकडांची फळं कुठून येतात, तुम्हाला माहीत आहे. तिच्या त्या एका हातावर हे सगळं घर जेवतंय. तुम्ही जेवताय, मी जेवतोय."

सूफेननं पेल्यावर झाकण ठेवलं. खोटं काय होतं त्यात? साहेबांनी "कृपया ओरडू नका" अशी पाटी लावून दिली. लोक पाटीखाली उभे राहून ओरडायचे.

उपाय डॉक्टरांनी सांगितला, पण नाखुशीनं. त्या शब्दाचा अर्थच मारून टाकायचा. सूफेनच्याच आवाजात तो शब्द यायला हवा, दोउहुआनं हात करायला हवा, आणि बदल्यात काहीही मिळता कामा नये. सफरचंद नाही, शब्द नाही, नजरसुद्धा नाही. "पण एकदा हे झालं," डॉक्टर म्हणाले, "की खिडकीशीही ती हात देणार नाही. तेव्हा काय करायचं?" त्यांनी आधी लाकडी टाळी वाजवून नवी खूण शिकवून बघितली. दोउहुआ आता म्हातारी होत आली होती, टाळी वाजली की कान मागे घेऊन आत निघून जायची. ते राहिलं.

सूफेननं ठरवलं. फाटक उघडायच्या आधी ती रोज कठड्याशी उभी राहायची. म्हणायची, "हात." दोउहुआ हात करायची. सूफेन पाठ फिरवायची. थोड्या वेळानं पुन्हा वळून म्हणायची, पुन्हा पाठ. सुरुवातीच्या दिवसांत दोउहुआ हात आणखी वर न्यायची, दुखरा हात, थरथरायचा तो. मग तिनं डावा करून पाहिला. मग दोन्ही केले. एकदा ती खंदकाच्या कडेपर्यंत आली आणि तिथे पट्टी असल्यासारखा हात जमिनीवर उताणा ठेवून, मान खाली घालून बसली. आपलंच काहीतरी चुकतंय असं तिला वाटत असावं. सूफेन पाठ करून उभी होती, पण समोरच्या दुकानाच्या काचेत तिला ते सगळं दिसत होतं. घरी आली की ती भात चिवडत बसायची. होंगगुई ताटात लोणचं वाढायचा.

पानगळ सुरू झाली तेव्हा दोउहुआनं हात करणं सोडलं. आधी सूफेनला, मग लोकांना. लोक ओरडून ओरडून थकायचे. ती पाठ करून बांबू खात राहायची. म्हातारी झाली, माजली, आजारी दिसते, असं काय काय म्हणत लोक पुढे जायचे. गर्दी ओसरू लागली तेव्हा त्सेंग साहेब खाली आले.

"काय केलंत तिला?"

"विसरायला लावलं," सूफेन म्हणाली.

साहेब बाकावर बसले. ओरडतील असं तिला वाटलं होतं, तिला ते हवंही होतं. ते म्हणाले, "मला विचारायचं तरी." पुढच्या महिन्यात त्यांनी दोउहुआला मागच्या आवारात हलवलं आणि तिच्या जागी एक तरुण नर आणला. मुख्य देखभालीचं काम दुसऱ्याकडे गेलं. सूफेन पुन्हा ट्रकमधून मोळ्या उतरवू लागली. दोउहुआचं खाणंपिणं मात्र तिच्याकडेच ठेवलं.

नव्या वर्षाला रुओलिन छंगदूहून आली. गच्चीत वाळत घातलेल्या सॉसेजच्या माळांखाली दोघी मुळे चिरत बसल्या होत्या. सूफेननं तिला सगळं सांगितलं, सहलीच्या दिवसापासून. रुओलिननं पुढचा मुळा चिरायला घेतला.

"त्या दिवशी मला तुझी लाज वाटत होती. तुला कळलं होतं?"

"हो."

"म्हणून केलंस?"

"तू हसावीस म्हणून. हसलीसही."

"लोकांसमोर हसले," रुओलिन म्हणाली. "घरी येऊन आजीच्या कुशीत रडले. तू दोउहुआला एक शब्द बोलतेस आणि ती सगळं टाकून उठून बसते. तुमचं दोघींचं काहीतरी होतं, आई. मला तू तसा एकही शब्द शिकवला नाहीस."

सूफेननं सुरी खाली ठेवली. रुओलिन नको ते बोलून गेल्यासारखी कावरीबावरी झाली, तिनं आईच्या पुढ्यातले मुळे आपल्याकडे ओढले आणि म्हणाली, जुनी गोष्ट आहे, जाऊ दे. पण सूफेनला ते जाऊ देता आलं नाही. इतकी वर्षं ती एकीचीच अपराधी असल्यासारखी वागत होती.

उन्हाळ्यात दोउहुआनं खाणं सोडलं. पाणी खूप प्यायची, पडून राहायची. रक्त तपासल्याशिवाय इलाज नव्हता. सूफेन खिडकीशी बसली, सफरचंदाच्या फोडी पुढ्यात मांडल्या आणि कितीतरी दिवसांनी तो शब्द उच्चारला. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. दोउहुआनं मान उचलली, तिच्याकडे बघितलं आणि हळूहळू, अंग ओढत, पाठ फिरवली. सूफेननं शिकवलं होतं तसंच.

तिनं दोनदा, तीनदा म्हणून पाहिलं. मग पू डॉक्टर तिच्या खांद्याला स्पर्श करून बंदुकीच्या कपाटाकडे गेले.

तिला बाहेर जायला सांगितलं, पण ती गजांपाशीच राहिली. सुई मांडीत घुसली. दोउहुआ किंचाळली आणि उठली, आणि एवढ्या मोठ्या पिंजऱ्यात पळायला इतक्या जागा असताना ती धडपडत थेट सूफेनकडे आली. लहानपणी चिकटायची तशी गजांना चिकटली, डोकं तिच्या पोटाशी येईल असं. सूफेन गजांतून आत हात घालून तिचे कान धरून बसली. गुंगी चढेपर्यंत दोउहुआ तिच्या तोंडाकडे बघत होती.

मूत्रपिंडं गेली होती. औषधांवर ती पुढचा हिवाळा काढू शकली. शुद्धीवर आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं सूफेनच्या हातून मक्याचा गोळा खाल्ला, नेहमीसारखा, दोन्ही पंजांत धरून, सांडत. तिनं राग धरायला हवा होता, असं सूफेन डॉक्टरांना म्हणाली. डॉक्टर म्हणाले, जनावरं तसा राग धरत नाहीत. "माहीत आहे," ती म्हणाली, "तेच तर." मागच्या आवारात दोउहुआला बघायला कुणी येत नसे. ऊन असेल त्या दिवशी ती भिंतीला पाठ लावून बसायची, आणि सूफेन बाहेरच्या पायरीवर पानं खुडत बसायची. दोघी एकमेकींना काही सांगत नव्हत्या.

वसंतात, बांबूला कोंब फुटायच्या सुमारास दोउहुआ गेली. बातमी पसरली तशी गावं लोटली. फाटकाशी शेवंतीचे ढीग लागले, लहानपणी इथे आलेली माणसं आपापली पोरं घेऊन आली, म्हाताऱ्या बायका डोळे पुसत होत्या. बोलायला म्हणून सूफेनला पुढे ढकललं. तिनं माईक धरला आणि सांगितलं, की ती तुम्हाला हात करत नव्हती, सुई टोचून घ्यायला हात देत होती, आणि ते तिला मी शिकवलं होतं. गर्दी जराशी हलली. कुणीतरी म्हणालं, म्हातारीला दुःख झालंय, बसवा तिला. एका बाईनं येऊन तिचे खांदे धरले आणि बाकावर नेऊन बसवलं, गरम पाणी प्यायला दिलं. मग पुढचा माणूस बोलायला उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळी गेली आणि मागचं आवार धुवायला घेतलं. निवृत्त झालेले त्सेंग साहेब काठी टेकत आले. फुलं बघायला आलो होतो, म्हणाले. दारात उभे राहून त्यांनी बराच वेळ पाण्याचा आवाज ऐकला.

"आता कुणासाठी धुताय, कोऊताई? चला, घरी जा."

"एवढा कोपरा राहिलाय," ती म्हणाली.

साहेबांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि खाली वाकून, गुंता झालेली पाण्याची नळी तिला कोपऱ्यापर्यंत पुरेल इतकी सोडवून दिली.